बाल्डर्स गेट ३ संपला, आता पुढचा आरपीजी कोणता घ्यावा?

नवा_खेळाडू

बाल्डर्स गेट ३ हा आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम, 'बॅलन्स्ड' (मधल्या) डिफिकल्टीवर पूर्ण झाला. या प्रकारातलं याआधी काहीही खेळलेलं नाही. आवडलं ते असं: पाळीपाळीने चालणारी लढाई, साथीदारांच्या स्वतःच्या कथा आणि एकच अडचण तीन-चार वाटांनी सोडवता येणं. सामानाची आवराआवर मात्र नकोशी झाली. नियम आता बऱ्यापैकी कळतात, पण पात्र उभं करताना अजून गाइड उघडावं लागतं.

यादीत आहेत डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २, पिलर्स ऑफ इटर्निटीचे दोन्ही भाग, पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस, डिस्को एलिझियम आणि जुना बाल्डर्स गेट. आठवड्याला सात-आठ तास मिळतात. क्रम कसा लावावा? आणि नवखा माणूस प्रत्येकात नेमका कुठे अडकतो? कथा फोडू नका, प्लीज.

वीसबाजूंचा_फासा

क्रम लावताना कसोटी एकच ठेवा: एका वेळी एकच गोष्ट नवी घ्यायची. लढाईची पद्धत, नियमावली, वाचायचा मजकूर, गेम किती बोट धरून चालवतो, हे सगळं एकदम बदललं की माणूस दहाव्या तासाला गेम सोडतो आणि दोष स्वतःला देतो.

या कसोटीवर पहिला नंबर डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ चा. स्टुडिओ तोच, लॅरियन. मूळ गेम २०१७ चा, डेफिनिटिव्ह एडिशन २०१८ ची, तीच घ्या. लढाई पाळीपाळीनेच, चारच जणांची पार्टी, कॅमेऱ्यापासून सामानाच्या खिडकीपर्यंत सगळं ओळखीचं. नवी आहे ती फक्त नियमावली, पण ती खरोखरच वेगळी आहे. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, बाल्डर्स गेट ज्या नियमांवर चालतो) सवयी इथे आड येतात.

प्रत्येक पाळीला ४ ॲक्शन पॉइंट मिळतात आणि उरलेले धरून जास्तीत जास्त ६ साठवता येतात. चालण्यालाही तेच पॉइंट लागतात, म्हणून लढाई सुरू होण्याआधीच माणसं नीट जागी उभी करा. धनुर्धारी उंचावर, बाकीचे एकमेकांपासून लांब. संवाद सुरू करणारा एकटाच पुढे गेला तरी चालतं. उरलेल्या तिघांची एकत्र चालण्याची साखळी सोडून त्यांना आधीच जागा देऊन ठेवायची.

स्पेल स्लॉट (मोजकेच मंत्र टाकायची मर्यादा) नाहीत, कूलडाउन आहे, म्हणजे वापरलेला मंत्र काही पाळ्यांनी पुन्हा मिळतो. बेडरोल एकदा मिळाला की तो संपत नाही आणि लढाईबाहेर त्यावर झोपलं की सगळे पूर्ण बरे होतात. तेव्हा 'मोठ्या लढाईसाठी राखून ठेवू' ही बाल्डर्स गेटमधली सवय टाकून द्या. प्रत्येक लढाईत सगळं वापरायचं.

नवखे अडकतात ते चिलखतावर. प्रत्येक शत्रूला दोन वेगळे आर्मर असतात, फिजिकल आणि मॅजिक. फिजिकल शून्यावर आल्याशिवाय शत्रू आडवा पडत नाही, मॅजिक शून्यावर आल्याशिवाय गोठत किंवा बधिर होत नाही. पार्टीत दोन तलवारवाले आणि दोन जादूगार घेतले आणि चौघांनी एकाच शत्रूवर मारा केला, तर निम्मा मारा एका भिंतीवर आणि निम्मा दुसऱ्या भिंतीवर जातो. पहिल्या खेळीला तीन फिजिकल आणि एक आधाराला जादूगार असा संच घ्या. मिश्र संच चालतो, पण मग जोड्यांनी वेगवेगळे शत्रू वाटून घ्यायचे.

पात्र वाढवताना: फिजिकल मारा करणाऱ्या प्रत्येकाने आधी 'वॉरफेअर' वाढवायचं, मग तो धनुर्धारी असो वा खंजीरवाला. दर पॉइंटला सगळा फिजिकल मारा ५ टक्के वाढतो आणि ही वाढ बाकीच्या वाढींवर गुणली जाते. धनुष्याचं स्वतःचं कौशल्य त्यामुळे मागाहून. चूक झाली तरी पहिल्या अंकानंतर जहाजावर आरसा मिळतो, त्यात सगळे पॉइंट फुकट आणि हवे तितक्या वेळा बदलता येतात.

लेव्हलचा फरक इथे फार बोचतो. शत्रू दोन लेव्हल वरचा असेल तर वाट बदला. नकाशाच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या लेव्हलचं काहीतरी असतंच. शस्त्रही दर दोन लेव्हलला बदला, नाहीतर मारा मागे पडतो. फोर्ट जॉयच्या किनाऱ्यावर मगरी आहेत, त्यांच्याकडून टेलिपोर्टचे हातमोजे मिळतात. ते लवकर घ्या. शत्रूच्या धनुर्धाऱ्याला उचलून आपल्या तलवारवाल्यांच्या मध्ये आणता येतं.

आणि एक आधीच सांगितलेलं बरं: पहिल्या अंकाच्या शेवटी जे साथीदार पार्टीत नसतील ते पुन्हा मिळत नाहीत. कोण हवं ते त्याआधी ठरवा. साथीदाराला सोबत घेताना त्याचा वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) निवडता येतो, त्यामुळे माणूस कथेसाठी निवडा, कामासाठी नव्हे.

मंदगती

फासा यांची कसोटी पटते, निष्कर्ष नाही. मूळ प्रश्नात साथीदारांच्या कथा आणि अनेक वाटा यांचा उल्लेख आहे, आणि सामानाचा वैताग आहे. डिव्हिनिटीत सामानाचा वैताग जास्तच आहे. दर दोन लेव्हलला चार जणांची शस्त्रं बदलायची म्हणजे तेच काम. माझं मत पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायरला.

हा गेम २०१८ चा. मुळात रिअल-टाइम विथ पॉज (लढाई सलग चालते, हवी तेव्हा थांबवून हुकूम द्यायचे), पण २०१९ च्या जानेवारीत टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीचा, मोड आला. नवा गेम सुरू करताना तो निवडावा लागतो आणि मध्येच बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच पडद्यावर लक्ष द्या. पार्टी पाच जणांची. पहिला भाग खेळलेला नसला तरी सुरुवातीला आधीच्या निर्णयांचा तयार संच निवडता येतो.

अडकायची जागा एकच, पण ती समजली नाही तर पूर्ण गेम अन्यायी वाटतो: पेनिट्रेशन, म्हणजे शस्त्राची आर्मर भेदण्याची क्षमता. शस्त्राचं पेनिट्रेशन शत्रूच्या आर्मरपेक्षा १ ने कमी असेल तर मारा २५ टक्के कमी, २ ने कमी तर ५० टक्के, ३ किंवा जास्त कमी असेल तर ७५ टक्के. फासे चांगले पडतात, वार लागतो, तरी शत्रूची पट्टी हलत नाही. शत्रूवर माउस ठेवला की कोणत्या प्रकारच्या माऱ्याला त्याचं आर्मर किती ते दिसतं. उपाय सोपा: प्रत्येक योद्ध्याला दोन शस्त्रसंच द्या, एक कापणारा किंवा भोसकणारा आणि एक ठेचणारा, आणि लढाईत बदला.

पात्र बनवताना एकच वर्ग घ्या. दोन वर्ग मिसळायचा पर्याय समोर येतो आणि मोहात पाडतो, पण मिश्र वर्गाची क्षमता पॉवर लेव्हल (वर्गाच्या क्षमतांची पायरी) ७ ला थांबते, एकेरी वर्ग ९ पर्यंत जातो. पहिल्या खेळीला एकेरी वर्ग समजायलाही सोपा. टर्न-बेस्डमध्ये प्रत्येकाला फेरीत एकच मुख्य कृती मिळते, त्यामुळे डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) उपयोग बराचसा आधी पाळी येण्यापुरता उरतो. इथे मायट (ताकद) आणि परसेप्शन (निरीक्षण) जास्त कामाचे, आणि हळू पण जड शस्त्रांचा तोटा जवळजवळ नाहीसा होतो. मायट जादूचाही मारा वाढवतो, म्हणजे जादूगाराला तो हवाच.

जहाजांची लढाई आवडली नाही तर थेट चढाईचा पर्याय निवडा. मग ती डेकवर नेहमीच्या लढाईसारखी होते. एक खरी उणीव: लढाया मुळात रिअल-टाइमसाठी रचलेल्या आहेत, त्यामुळे किरकोळ शत्रूंच्या झुंडी टर्न-बेस्डमध्ये लांबतात. डिफिकल्टी एक पायरी खाली घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

पहिला पिलर्स, म्हणजे २०१५ चा, नंतर कधीतरी. खेळलात तर गिल्डेड व्हेल गावात एडेर आणि अलॉथ, मॅग्रन्स फोर्कला ड्युरन्स, हे तिघे मिळाल्याशिवाय गावातल्या देवळाच्या तळघरात उतरू नका. आणि ज्यांची नावं सोनेरी अक्षरांत दिसतात ती पात्रं गेमला निधी देणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. मुख्य कथेशी त्यांचा संबंध नाही. नवखे लोक भक्तिभावाने त्या सगळ्यांशी बोलतात आणि खरी कथा सुरू होण्याआधीच थकतात.

संवादवेडी

तुमच्या प्रश्नातलं 'एकच अडचण तीन-चार वाटांनी' हेच डिस्को एलिझियमचं सगळं शरीर आहे. लढाईची यंत्रणाच नाही. जे काही घडतं ते संवादातून आणि फाशांतून. आधी 'द फायनल कट' ही २०२१ ची आवृत्ती घ्या, तिच्यात पूर्ण संवादांना आवाज आहे.

गणित थोडकं आहे. कौशल्यं २४, चार गुणांखाली वाटलेली. प्रत्येक चाचणीत दोन सहाबाजू फासे अधिक कौशल्य. दोन्हींवर एक आला तर हमखास अपयश, दोन्हींवर सहा आला तर हमखास यश. पांढरी चाचणी हुकली तर ती बंद होते आणि त्या कौशल्यात पॉइंट घातला की पुन्हा उघडते. लाल चाचणी एकदाच. म्हणून लेव्हल वाढल्यावर पॉइंट लगेच खर्च करू नका, एक तरी हातात ठेवा. अडलेली पांढरी चाचणी त्यानेच उघडते.

सगळ्यात मोठी गैरसमजूत घड्याळाची. घड्याळ संवाद आणि वाचनानेच पुढे सरकतं, चालण्याने नाही. गावभर निवांत फिरा.

फिजिकचा गुण १ ठेवला तर पहिल्याच खोलीत जीव जाऊ शकतो. आरोग्य किंवा मनोधैर्य शून्यावर आलं की काही क्षण मिळतात. तेवढ्यात त्या पट्टीशेजारचं औषधाचं चिन्ह दाबायचं. औषध खिशात नसेल तर गेम तिथेच संपतो, म्हणून दोन्ही प्रकारचं एकेक तरी जवळ असू द्या. आणि अपयशाला घाबरून जुना सेव्ह उघडत बसू नका. यातली बरीच उत्तम दृश्यं हुकलेल्या चाचणीनंतरच मिळतात.

मात्र इंग्रजी मजकूर भरपूर आणि अवघड आहे. थकलेल्या संध्याकाळी खेळायचा हा गेम नाही.

नवा_खेळाडू

खूप उपयोगी. पेनिट्रेशनचं तर मला कधीच कळलं नसतं. रॅथ ऑफ द राइटियसबद्दल कोणी का बोलत नाही? त्यात टर्न-बेस्ड मोड आहे असं वाचलं, आणि बाल्डर्स गेटसारखीच लढाई आहे असंही. आणि जुना बाल्डर्स गेट आत्ता घेण्यात अर्थ आहे का?

गणितमास्तर

टर्न-बेस्ड मोड आहे, आणि लढाईच्या मध्येसुद्धा एका बटनाने चालू-बंद करता येतो. ही सोय उत्कृष्ट आहे. किरकोळ लढाया रिअल-टाइममध्ये उरकायच्या, अवघड लढाईत टर्न-बेस्ड. पण 'बाल्डर्स गेटसारखी' हे अर्धसत्य आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे नियम आहेत, लेव्हल १२ ला थांबतात आणि आकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत. पाथफाइंडर तिसऱ्या आवृत्तीच्या वंशातला: लेव्हल २० पर्यंत, सहा जणांची पार्टी, वर मिथिक पाथचा (वर्गाखेरीज मिळणाऱ्या खास शक्तींचा) वेगळा थर. आकडे मोठे होत जातात आणि ते कुठून येतात हे समजणं हाच निम्मा गेम आहे.

सुरुवातीला तीन गोष्टी समजल्या तरी पुरे. एकाच प्रकारचे बोनस एकमेकांत मिळवले जात नाहीत, मोठा तेवढाच धरला जातो. ताकद वाढवणारा पट्टा आणि 'बुल्स स्ट्रेंग्थ' मंत्र, दोन्ही 'एन्हान्समेंट' बोनस. दोन्ही वापरले तर एक वाया. वर्णनात बोनसचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचायचं. दुसरं: शत्रू बहुतांश राक्षस आहेत, त्यांच्यावर विजेचा परिणाम होत नाही आणि बऱ्याच जणांना मंत्रांविरुद्ध प्रतिकार असतो. विजेवर उभारलेला जादूगार इथे निष्प्रभ, आणि कोणताही मारक जादूगार असला तरी 'स्पेल पेनिट्रेशन' लवकर घ्यावं लागतं. तिसरं म्हणजे थवे. लेपर्स स्माइल या ठिकाणी किड्यांचे थवे येतात, तिथे नुसत्या तलवारी घेऊन गेलेली पार्टी हमखास मरते. परिसरभर मारा करणारे मंत्र लागतात.

युद्धमोहिमेचा वेगळा भाग आहे, सैन्य हलवायचं वगैरे. तो पूर्ण स्वयंचलित केला तर काही मजकूर आणि फायदे हातचे जातात. त्यापेक्षा त्या भागाची डिफिकल्टी वेगळी कमी करता येते, ती अगदी तळाला न्या.

तुमच्या वेळेचा हिशोब: हा गेम शंभर तासांच्या वर सहज जातो. आठवड्याला आठ तास धरले तरी तीन महिने एकच गेम, तोही नियमांनी दाट. दोन आठवडे खंड पडला तर कोणता मंत्र कोणावर टाकायचा हेच विसरायला होतं. हा चौथा-पाचवा गेम असू द्या.

वीसबाजूंचा_फासा

मास्तरांशी सहमत. जुना बाल्डर्स गेट, १९९८ चा, आत्ता नको. त्यात आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा) जितका कमी तितका चांगला, पहिल्या लेव्हलचा जादूगार एका बाणात मरतो आणि हे का होतंय ते गेम सांगत नाही. कुतूहल असेलच तर एन्हान्स्ड एडिशन घ्या, ऑटो-पॉजच्या (ठरावीक घटनेला गेम आपोआप थांबवण्याच्या) सेटिंगमध्ये 'शत्रू दिसला' आणि 'पात्र जखमी' हे दोन पर्याय चालू करा, आणि 'स्लीप' मंत्र जवळ ठेवा. सुरुवातीच्या बहुतेक लढाया तो एकटा जिंकून देतो.

मंदगती यांचा सामानाबद्दलचा मुद्दा रास्त आहे. त्यावर यादीबाहेरचा एक गेम सुचवतो: शॅडोरन: ड्रॅगनफॉल, डायरेक्टर्स कट, २०१४ चा. टर्न-बेस्ड, सामान अगदी मोजकं, साथीदार उत्तम लिहिलेले, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो आणि पंचवीस तासांच्या आसपास संपतो. म्हणजे तुमचा एक महिना. पात्र वाढवायचे कर्मा पॉइंट पसरू नका. एक शस्त्र, आडोशामागून टिकण्यापुरतं शरीर आणि थोडा करिश्मा. करिश्म्यातून 'एटिकेट' (विशिष्ट लोकांशी बोलायच्या रीती) मिळतात आणि संवादातल्या वेगळ्या वाटा त्यांनीच उघडतात.

विकत घेताना: स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात परताव्यासाठी १४ दिवस आणि खेळण्याचे २ तास ही मर्यादा आहे. पात्र बनवायच्या पडद्यावर गेलेला वेळही त्यात धरला जातो, आणि नवखा माणूस तिथेच तास घालवतो. म्हणून पहिल्यांदा तयार पात्र निवडा, पहिली लढाई खेळा, अक्षरांचा आकार डोळ्यांना झेपतो का ते बघा. गेम ठेवायचा ठरला की मग निवांत नवं पात्र घडवा.