पॅरिसमधल्या छोट्या बिस्त्रोत जेवण: बुकिंग, मेन्यूतले शब्द, आणि शाकाहारी वाटणारे पण नसलेले पदार्थ

प्रवासीपक्षी

ऑक्टोबरमध्ये चार रात्री पॅरिसला आहोत. मुक्काम ११व्या आराँदिस्माँमध्ये, म्हणजे शहराच्या ११व्या विभागात. आसपास गल्लीबोळांत पंचवीस-तीस खुर्च्यांची बिस्त्रो भरपूर दिसतात, आणि त्यातल्याच एखाद्यात रात्री नीट तीन टप्प्यांचं जेवण करायचं आहे. आम्ही चौघं. दोघं शाकाहारी, त्यातल्या एकीला अंडंही चालत नाही. उरलेले दोघं मासे आणि कोंबडी खातात, पण गोमांस आणि डुक्कर नको. फ्रेंच कुणालाच येत नाही.

बुकिंग लागतं का? मेन्यू कसा वाचायचा? वरून शाकाहारी दिसणाऱ्या कोणत्या पदार्थांत गोची असते? आणि पाणी, ब्रेड, टिप यांचा हिशेब कसा असतो? मोठ्या पर्यटकी ब्रासरीबद्दल विचारत नाहीये, छोट्या जागेबद्दलच सांगा.

काटेचमचे

आधी आतलं चित्र लक्षात घ्या. तीस खुर्च्या, स्वयंपाकघरात दोन माणसं, बाहेर वाढायला एक, फार तर दोन. तिथले सगळे रिवाज या आकड्यांतून आलेत.

स्वयंपाकघर दुपारी साधारण १२ ते २ आणि रात्री साडेसात ते दहा एवढंच चालू असतं. संध्याकाळी सहाला गेलात तर दार उघडं दिसेल, वाइन मिळेल, जेवण नाही. बऱ्याच ठिकाणी रात्री दोन पंगती असतात, पहिली साडेसातच्या सुमारास, दुसरी साडेनऊच्या. पहिल्या पंगतीला बसलात तर टेबल किती वाजता सोडायचं ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. रविवार-सोमवार बंद असणं अगदी सर्रास आहे.

चौघांसाठी बुकिंग हवंच. टेबलं बहुतेक दोघांची असतात, चौघांना दोन जोडावी लागतात. त्यामुळे आयत्या वेळी दोघांना जागा मिळते आणि त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या चौघांना नाही. उशीर होणार असेल तर फोन करा. पाव तासानंतर टेबल दुसऱ्याला गेलं तर त्यात त्यांची चूक नाही.

आता शब्द. तिथे 'मन्यू' म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण. आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो ते 'कार्त'. 'मन्यू द्या' म्हणालात तर ठरावीक थाळीच मागितल्यासारखं होतं. 'फॉर्म्यूल' म्हणजे त्याची छोटी आवृत्ती: आँत्रे आणि प्ला, किंवा प्ला आणि देसेर (म्हणजे गोड). ही बहुधा कामाच्या दिवशी दुपारीच असते, रात्री मागू नका. 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकन मेन्यूत हाच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात, तिथूनच लोक फसतात. मुख्य पदार्थ म्हणजे 'प्ला'. भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेलं असतं ते त्या दिवसाचं, आणि तेच मागवावं. पाटी छोटी तितकं बरं. दोन आचारी रोज चाळीस पदार्थ ताजे करू शकत नाहीत.

आणखी एक. चौघांनी सारखेच टप्पे मागवा. पदार्थ टेबलावर एकदम येतात. एकाने आँत्रे घेतलं आणि तिघांनी नाही, तर तिघं रिकाम्या ताटांपुढे बसून राहतात, कारण प्ला आँत्रे संपल्याशिवाय सुटत नाही. एक आँत्रे दोघांत घ्यायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, जास्तीची बशी मिळते.

शिळोपा

शाकाहाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'व्हेजेतारियँ' एवढं सांगून भागत नाही. काहींच्या मते त्यात मासे चालतात, आणि लार्दाँ म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे अनेकांना मांस वाटतच नाहीत, चवीपुरतं घातलेलं काहीतरी वाटतं. म्हणून सरळ म्हणा: "नी व्हियाँद, नी प्वासाँ, नी लार्दाँ". मांस नाही, मासे नाहीत, लार्दाँ नाहीत. अंड्यासाठी पुढे "नी अ" जोडा. अनेकवचनात अंड्यांचा उच्चार नुसता 'अ' होतो. हे सगळं कागदावर फ्रेंचमध्ये लिहून न्या, वाढणारा तो कागद आत नेऊन दाखवतो.

आणि हे टेबलावर बसल्यावर नाही, बुकिंग करताना सांगा. सॉस, रस्से, सारणं दुपारीच तयार होऊन डब्यांत भरलेली असतात. रात्री आठ वाजता त्यातून काही काढता येत नाही. आदल्या दिवशी कळलं तर भाज्यांचं वेगळं ताट करायला बरेच जण तयार होतात.

आता गोची कुठे असते ते:

कांद्याचं सूप. वर चीज, आत कांदा, दिसायला निरागस. पारंपरिक कृतीत गोमांसाच्या हाडांचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, असतो. भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीचा स्टॉक असू शकतो, तेव्हा "बुयाँ द लेग्यूम?" म्हणजे भाज्यांचाच स्टॉक आहे ना, असं विचारा.

कीश लोरेन (अंडं-साय भरलेला खारा पाय), मसूर घातलेली सॅलड, ल्याँ शहराच्या पद्धतीचं सॅलड: तिन्हींत लार्दाँ. फ्रेंच पद्धतीच्या मटारांतही कधी कधी सापडतात. तापेनाद ही ऑलिव्हची चटणी, पण त्यात अँकोव्ही मासे असतात. सार्ला गावाच्या पद्धतीचे बटाटे बदकाच्या चरबीत परततात.

'री द व्हो'. री म्हणजे भात ना? उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. हा वासराच्या गळ्यातल्या ग्रंथीचा पदार्थ आहे. उलट 'सेर्व्हेल द कानू' शब्दशः विणकराचा मेंदू, पण प्रत्यक्षात ल्याँचं ताजं चीज, लसूण आणि हिरव्या पाल्याचं मिश्रण.

चीजचाही विचार करा. काँते, रोकफोर, ब्री द मो यांत वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट, फ्रेंचमध्ये प्रेझ्यूर, वापरतात. तुमच्या मंडळींना ते चालत नसेल तर बकरीच्या चीजलाही 'नको' म्हणावं लागेल, कारण त्यातही थोडं का होईना ते बहुधा असतं. बव्हार्वासारख्या थरथरणाऱ्या गोडात जिलेटिन असतं.

मग खायचं काय? प्वारो व्हिनेग्रेत: लीक (कांद्याच्या जातीची लांब पातीची भाजी) उकडून थंड करून वर मोहरीचं ड्रेसिंग. साधंच, पण लीक नीट निथळलेलं नसेल तर ताटात पाण्याचं तळं होतं. यावर अनेकदा उकडलेलं अंडं किसून घालतात, तेवढं नको म्हणा. ग्रातँ दोफिन्वा: बटाटा, साय, लसूण. मूळ कृतीत चीजसुद्धा नाही, पण अनेक जण वर घालतात. रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटो वगैरेंची शिजवलेली भाजी, ठीक. शेव्र शो म्हणजे टोस्टवर वितळवलेल्या बकरीच्या चीजचं सॅलड, लार्दाँशिवाय मागा. अंडं खाणाऱ्याला अफ मायोनेझ (मायोनेझ घातलेली उकडलेली अंडी) आणि ऑम्लेट. व्हिनेग्रेतमध्ये अंडं नसतं, मायोनेझमध्ये असतं. मोहरीमुळे दोन्ही पिवळटच दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नका.

हिशेबनीस

पैशांचं सांगतो. नुसतं 'वॉटर' म्हणालात तर 'साधं की बुडबुड्यांचं?' असा प्रश्न येतो आणि दोन्ही उत्तरांना विकतची बाटली येते. म्हणायचं "यून काराफ दो, सिल वू प्ले" ('सिल वू प्ले' म्हणजे 'प्लीज'). नळाचं पाणी, सुरईत, फुकट. जेवणाबरोबर ब्रेडही फुकट, संपला की परत मागता येतो. तो ताटात नाही, थेट टेबलावर ठेवतात, आणि हाताने तोडतात. लोणी सोबत येईलच असं नाही. ताटातला सॉस ब्रेडने पुसून खाल्लात तर छोट्या बिस्त्रोत कुणी भुवई उंचावत नाही, उलट आतल्यांना बरं वाटतं.

सर्व्हिस किमतीतच धरलेली असते. १९८७पासून दाखवलेल्या किमतीत कर आणि सर्व्हिस दोन्ही असावं असा नियम आहे. टिप ऐच्छिक. जेवण आवडलं तर दोन-चार नाणी ठेवा किंवा रक्कम वरच्या पाचाला नेऊन पूर्ण करा. कार्डमशीनवर टक्के विचारणारा पडदा आला तरी शून्य दाबायला लाजू नका.

बसल्या बसल्या 'अपेरितीफ?' म्हणजे जेवणाआधीचं पेय हवं का, असं विचारतील. नको असेल तर 'नाँ, मेर्सी' पुरे. वाइन बाटलीपेक्षा पिशेने घ्या, म्हणजे छोट्या सुरईतली घरची. 'कार' म्हणजे २५ सेंटिलिटर, दोन ग्लास. 'दमी' म्हणजे ५०, चार ग्लास. मात्र बिअरच्या बाबतीत दमी म्हणजे २५च. बाटली उघडून चाखायला दिली तर आवडली का ते सांगायचं नसतं, खराब आहे का ते बघायचं असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर परत करा. एरवी मान डोलवा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. विसरले म्हणून नव्हे, न मागता आणणं म्हणजे 'उठा आता' म्हटल्यासारखं होतं. "लादिसियाँ, सिल वू प्ले". चौघांत समान वाटणी मशीनवर सहज होते. कोणी काय खाल्लं याची फोड करायला लावू नका, बाहेर एकच माणूस आहे.

काटेचमचे

शिळोपांच्या यादीत तुमच्या मासे-कोंबडीवाल्या दोघांचा मुद्दा राहिला. त्यांच्यासाठी खरा धोका सॉसमध्ये आहे. कोंबडीवर किंवा बदकावर जो गडद चकचकीत सॉस येतो त्याच्या तळाशी बहुधा 'फाँ द व्हो' असतो, वासराच्या हाडांचा आटवलेला स्टॉक. ताटात वासरू कुठेच दिसत नाही, पण आहे. कोक ओ व्हँमध्ये, म्हणजे वाइनमध्ये शिजवलेल्या कोंबड्यात, कोंबड्याबरोबर लार्दाँ असतातच.

म्हणून माशाकडे वळा. म्यूनिएर पद्धतीचा मासा म्हणजे पीठ लावून लोण्यात तळलेला, वर लिंबू आणि पार्सली. त्यात स्टॉक नाही. ब्योर ब्लाँ सॉस म्हणजे शॅलट (छोटा कांदा), पांढरी वाइन, व्हिनेगर आणि थंड लोणी. त्यातही मांस नाही. वाइनमधले शिंपले, मूल मारिनिएर, तेही चालतील. रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून दुसऱ्यातलं मांस काढायचं, आणि जो शिजूनही उघडला नाही तो बाजूला ठेवायचा.

बदकाचा माग्रे, म्हणजे छातीचा तुकडा, गुलाबीच वाढतात. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर काँफी घ्या. तो स्वतःच्या चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला पाय असतो, सुरीची गरजही पडत नाही.

प्रवासीपक्षी

हे सोन्यासारखं आहे. अंडं न खाणारीसाठी गोड काय? आणि कॉफी गोडाबरोबर मागता येते ना?

शिळोपा

क्रेम ब्रूले, चॉकलेट मूस, ईल फ्लोताँत, प्रोफितेरोल: सगळ्यांत अंडं. क्रीमच्या आइस्क्रीममध्येही बहुधा बलक. सोर्बे बहुतेक ठिकाणी निर्धोक, कारण ते फळ, साखर आणि पाणी. वाइनमध्ये शिजवलेलं पेअर ऑक्टोबरात हमखास असतं, आणि माझ्या मते पाटीवरचं सगळ्यात दुर्लक्षित गोड तेच. तार्त तातँमध्ये सफरचंद, साखर, लोणी. पफ पेस्ट्रीची असेल तर आत अंडं नसतं, साध्या कवचाची असेल तर असू शकतं, शिवाय कडेला अंड्याचा हात फिरवला का ते विचारावं लागतं.

कॉफी गोडानंतर येते, बरोबर नाही. 'अँ काफे' म्हणजे एस्प्रेसो, 'न्वाझेत' म्हणजे त्यातच दुधाचा थेंब. दोन्ही एकदम हवं असेल तर 'काफे गुर्माँ' असतो, एस्प्रेसो आणि तीन-चार छोटे गोड नमुने. पण ते नमुने रोज बदलतात आणि त्यात अंडं असण्याची शक्यता मोठी, तेव्हा तो अंडं खाणाऱ्यांनीच मागवावा.

हिशेबनीस

आत शिरताना 'बाँस्वार' (शुभ संध्याकाळ) म्हणायचं विसरू नका, आणि ते टेबल मागायच्या आधी. वाढणाऱ्याला 'गार्साँ' म्हणून हाक मारू नका, नजर मिळवा आणि 'सिल वू प्ले' म्हणा. खाऊन झालं की काटा आणि सुरी ताटात शेजारी-शेजारी ठेवा. आडवीतिडवी ठेवलीत तर अजून खाताय असं समजून ताट उचलत नाहीत, आणि पुढचा पदार्थ आत थांबून राहतो.