मदत हवी आहे: स्किल लॅबमधल्या डमी मुलांच्या हाताला कशा लागतील? (मराठवाडा)

भूलवाली:

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र शिकवते. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखावं आणि गप्प बसावं ही विनंती. यंदा स्किल लॅब माझ्या गळ्यात पडली आहे. मोठी खोली आहे, एसी आहे, कपाटं भरून डमी (सरावाचे पुतळे) आहेत आणि दाराला कुलूप आहे. इन्स्पेक्शन आलं की खोली उघडते, फरशी पुसली जाते, डमींवरचं प्लास्टिक निघतं. मंडळी गेली की पुन्हा जैसे थे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम कौशल्यांवर बेतलेला आहे. पेशंटला हात लावण्याआधी मुलांनी सलाईन लावणं, लघवीची नळी घालणं, टाके, प्रसूती, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) हे सगळं डमीवर घोटावं अशी अपेक्षा आहे. त्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत १५० विद्यार्थ्यांच्या कॉलेजला ६०० चौरस मीटरची लॅब सांगितली आहे, २०० किंवा २५० विद्यार्थी असतील तर ८०० ची. कुठल्या डमी हव्यात त्याची यादीही आहे. म्हणजे कागदावर आमचं सगळं बरोबर आहे.

आता प्रत्यक्षातलं सांगते. सीपीआरच्या आमच्याकडच्या धडांपैकी एकच धड चालू आहे. दोन तासांच्या प्रॅक्टिकलला दीडशे मुलं त्या एका धडावर आणली, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. छाती दाबायचा एक फेराच दोन मिनिटांचा असतो, मग माणूस बदलायचा. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे वाचायला सोपं आहे. दुसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात, दाब उथळ होतो आणि करणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही. चालू धडात बरोबर खोलीला गेलं की टक् असा आवाज येतो. परवा एका धिप्पाड मुलाने अर्ध्या मिनिटात तो आवाज बंद पाडला आणि त्याच्या मागे उभी असलेली किरकोळ अंगाची मुलगी शेवटपर्यंत टक्टक् करत राहिली. हे फळ्यावर शिकवता येत नाही.

मुख्य अडचण डेडस्टॉकची, म्हणजे कायम टिकणाऱ्या सरकारी वस्तूंच्या नोंदीची आहे. प्रत्येक डमी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली. फाटली, तुटली तर वसुली कोणाकडून, या भीतीने आधीच्या लोकांनी ती वापरूच दिली नाही. सलाईनचा रबरी हात सुया टोचून झिजणार, हे त्याचं कामच आहे. पण ऑडिटवाल्याला हे कोण सांगणार? आणि न वापरताही वस्तू खराब व्हायच्या त्या होतातच. एका हातात मागच्या कुणीतरी लाल पाणी तसंच सोडलं होतं. आतल्या नळ्या चिकटल्या आहेत, काळे ठिपके पडले आहेत. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बंद खोलीत रबराचं काय होत असेल, विचार करा.

दुसरं म्हणजे मला मुलांकडून प्रसंग करून घ्यायचे आहेत, नुसती सुटी कौशल्यं नकोत. कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत आमच्या कॅज्युअल्टीत ऑरगॅनोफॉस्फरस (एक प्रकारचं कीटकनाशक) विषबाधेचे पेशंट येतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी मंद. इंटर्न त्यावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन देतो, पण नाडी थोडी वाढली की घाबरून थांबतो. खरं तर छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं असतं. शिवाय अंगावरचे औषधाने भिजलेले कपडे आधी काढायचे, अंग धुवायचं आणि हे करताना स्वतः ग्लोव्हज घालायचे, हे गडबडीत हमखास राहतं. हा प्रसंग डमीवर घ्यायचा तर लाखो रुपयांचा संगणकी पुतळाच लागतो का?

तर वापराच्या भीतीवर कागदोपत्री उपाय, कमी पैशातले मॉडेल्स आणि संध्याकाळी लॅब उघडी ठेवायची पद्धत, या तिन्हींबद्दल अनुभव हवेत. "वरिष्ठांशी बोला" एवढाच सल्ला असेल तर तो देऊन झाला आहे असं समजा. :)

---

बालाघाटची_सिस्टर:

मॅडम, मी नर्सिंगची ट्यूटर होते, आता निवृत्त. आमच्याकडं डमी कमी आणि मुली जास्त, त्यामुळं जपून वापरायची सवय लागली. काही गोष्टी सांगते.

डमी कधीही पेपरात गुंडाळू नका. छपाईची शाई कातडीत उतरते आणि जन्मात निघत नाही. आमच्या एका बाळाच्या गालावर सोन्याच्या भावाची आख्खी चौकट उमटली होती, उलटी. पुढं प्रत्येक बॅच त्याला सोन्या म्हणायची. बॉलपेनही लांब ठेवा. बेटाडीन लावू देऊ नका, डाग पडतो. कापूस साध्या पाण्यात बुडवून "हे बेटाडीन समजा" म्हणायचं. व्हॅसलीन तर अजिबात नको, रबर फुगतं आणि फाटतं. डमीसोबत कंपनीचं वंगण येतं तेच वापरा. काम झालं की सलाईनच्या हातातलं पाणी काढा, सिरिंजनं हवा मारून नळ्या कोरड्या करा, वरून टाल्कम पावडर.

नवजात बाळाच्या श्वासाचं शिकवायचं असेल तर पाणी भरायची बाहुली मिळते का बघा. रिकामी असताना घडी होऊन पिशवीत मावते, कोमट पाणी भरलं की वजन आणि अंगाचा ढिलेपणा अगदी न रडलेल्या बाळासारखा लागतो. पहिल्या मिनिटात पुसणं, चोळणं आणि तरी श्वास नाही आला तर बॅग-मास्क (तोंडावर मास्क धरून फुग्यानं हवा देणं), हे त्यावर घड्याळ लावून घ्यायचं. मुली पुसण्यातच मिनिट घालवतात. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर छाती वर येतच नाही, ते ती बाहुली बरोबर दाखवते.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव ओळखायला तर डमीसुद्धा नको. खायच्या रंगाचं लाल पाणी मोजून जुन्या साडीवर, पॅडवर, फरशीवर ओता आणि विचारा किती गेलं? ५०० मिली साडीत मुरलेलं असलं की सगळ्या दोनशे-अडीचशे सांगतात. कुंकू कालवू नका, फरशीचे डाग मीच घासलेत.

---

जुना_भांडारपाल:

ताई, मी डॉक्टर नाही. सरकारी नोकरीत स्टोअर सांभाळण्यात हयात गेली, त्या अनुभवावर सांगतो. आधी पावती आणि पुरवठा आदेश काढून बघा. संपूर्ण पुतळा डेडस्टॉकला चढणं ठीक आहे. पण त्याची बदलायची कातडी, नळ्या, फुप्फुसाच्या पिशव्या हे सुटे भाग उपभोग्य साहित्यात यायला हवेत. कंपनीच्या माहितीपुस्तकात कोणता भाग किती वापरानंतर बदलायचा ते लिहिलेलं असतं. त्या पानाची प्रत जोडून विभागप्रमुखांमार्फत टिपणी टाका आणि त्यावर अधिष्ठात्यांची सही घ्या. मग झीज ही झीज ठरते, नुकसान ठरत नाही.

सोबत वापराची वही ठेवा: तारीख, बॅच, कोणती डमी, घेताना अवस्था, देताना अवस्था. ऑडिटवाला वहीला मानतो. वही नसली की तो माणसाकडे बघतो. पूर्ण निकामी झालेली असेल ती निर्लेखन समितीपुढं (निकामी वस्तू नोंदीतून काढणारी) ठेवा, कपाटात ठेवून उपयोग नाही. आणि पुढची खरेदी असेल तेव्हा वार्षिक देखभाल करार त्यातच मागा. मागाहून पैसे मिळत नाहीत.

---

इंटर्न_मांजराकाठ:

मॅडम, आमच्या कॉलेजला संध्याकाळी लॅब उघडी असते, ती आम्ही मुलंच चालवतो. दोन इंटर्न आणि दोन थर्ड इयरचे यांच्या नावावर आठवड्याची किल्ली. बंद करताना प्रत्येक कपाटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, सिक्युरिटीच्या रजिस्टरला सही. एक जण नीट शिकतो, तो पुढच्या चौघांना शिकवतो. सर येऊन फक्त शेवटी तपासतात.

टाक्यांसाठी आम्ही चिकनवाल्याकडून कातडीसकट तंगडी आणतो. आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो सोलूनच देतो. बॅचमध्ये माळकरी मुलं आहेत, त्यांच्यासाठी गादीच्या फोमवर जुनं रेक्झिन चिकटवून पॅड केले. पहिल्यांदा वाटलं तडजोड आहे, पण गाठ मारायला फोमच बरा, लगेच कळतं की ओढलं जास्त. हाडात सुई घालून सलाईन द्यायचं असतं त्याचा सराव तंगडीच्या हाडावर होतो. चिकटलेल्या नळ्यांसाठी दंडाला बांधायची लेटेक्सची नळी चालते का बघा, आमच्या हाताला ती चालली.

फवारणीच्या केसला भारी पुतळा नको. साधं धड, एक जण मागे उभा राहून नाडी-बीपी मोठ्याने सांगतो, मोबाइलवर मॉनिटरचं अॅप लावतो. घरघर पण मोबाइलवरूनच, उशीखाली.

---

नाटकवेडा_परभणी:

मी तिकडच्या एका कॉलेजात "पेशंट" म्हणून जायचो. हौशी रंगभूमीवाल्यांना विचारा, प्रवासखर्च आणि जेवणावर तयार होतात. पण एक सांगतो. नट रंगवायला लागला की खेळ बिघडतो. पहिल्या मुलासमोर रडलात आणि दहाव्यासमोर कंटाळलात तर मार्क सारखे कसे देणार? कागदावर लिहून घ्या: काय आपणहून सांगायचं, काय विचारल्यावरच सांगायचं, काय कधीच सांगायचं नाही.

आमच्या एका प्रसंगात सून पेशंट आणि सासू शेजारी. प्रत्येक प्रश्नाला सासूच उत्तर द्यायची, "तिला काय कळतंय, मला इचारा की." सुनेची पाळी चुकली आहे हे सासूला बाहेर पाठवल्यावरच कळणार होतं. तिला नीट बाहेर पाठवणं फार थोड्यांना जमलं. एक जण तर सासूचीच हिस्टरी लिहून गेला.

---

भूलवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. भांडारपाल दादा, टिपणीचा मसुदा उद्याच करते. सुट्या भागांचं पान सापडलं आहे, पुतळ्याच्या खोक्यातच होतं, सील न फोडलेलं.

सिस्टर, मी कपाट उघडून पाहिलं. दोन बाळं पेपरातच आहेत. एका डमीच्या पोटावर राशिभविष्य आहे. स्पिरिटने पुसून पाहिलं, गेलं नाही.

@इंटर्न_मांजराकाठ, किल्लीच्या पद्धतीला तुमच्या डीनची लेखी परवानगी आहे का तोंडी? लेखी असेल तर तुझ्या सरांना विचारून त्याची प्रत मिळते का बघ. आमच्याकडे "दुसऱ्या कॉलेजात चालतं" हे कागदावर दाखवलं की निम्मं काम होतं.

---

इंटर्न_मांजराकाठ:

लेखी आहे मॅडम, नोटीस बोर्डवरच लावलेली. सरांना विचारून फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. खाली एक ओळ आहे, रात्री नऊनंतर किल्ली सिक्युरिटीकडे जमा. तेवढी तुम्ही दहा करून घ्या, मेसचं जेवण होईपर्यंत आमचे साडेआठ वाजतात.