बोंडअळीवरचं भाषण एआयकडून शेतकऱ्यांच्या कामाचं कसं करून घ्यायचं?

पऱ्हाटीवाला
जुलैअखेर गावातल्या सभागृहात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर 20 मिनिटं बोलायचं आहे. समोर साधारण 60 जण, कोरडवाहू, 2 ते 5 एकरवाले, निम्म्या बाया. हाताशी 34 स्लाइडची जुनी फाइल आहे: किडीचं शास्त्रीय नाव, जीवनक्रम, तक्ते. चॅटजीपीटीला "शेतकऱ्यांसाठी सोपं कर" म्हटलं की तेच सगळं गोड भाषेत परत येतं. त्याला नेमकं सांगायचं काय?

बांधावरून
"सोपं कर" म्हटल्यावर शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. म्हणून आधी भाषण लिहायला लावूच नका. पहिल्या संदेशात फक्त माणसं सांगा: पेरणी कधीची, पीक आज किती दिवसांचं, फवारणी कोण करतं, निंदण-वेचणी कोण करतं, औषध कोणाच्या सांगण्यावरून घेतात. मग फाइल द्या आणि लिहा: "सभेनंतरच्या 15 दिवसांत या लोकांनी करायच्या तीनच गोष्टी निवड. त्यांना लागत नाही ती प्रत्येक स्लाइड काढ आणि का काढली ते एका ओळीत सांग."

ती कारणं नीट वाचा, खरं काम तिथेच होतं. जूनच्या मध्याला पेरलेली कपाशी तेव्हा 45 दिवसांच्या आसपास असेल, म्हणजे कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावायची वेळ. ते पहिल्या मिनिटाला यायला हवेत. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी पुढे ठेवू नका, हा मुद्दा महत्त्वाचा खरा, पण तो डिसेंबरचा. आत्ता शेवटी एका वाक्यात पुरे. डोमकळी (आत अळी असल्याने न उमलता मिटून राहिलेलं फूल) मात्र निंदणाऱ्या बायांच्या नजरेला आधी पडते, म्हणून तो भाग थेट त्यांना उद्देशून लिहून घ्या.

शेवटी त्यालाच श्रोता करा: "तू उधारीवर औषध घेणारा 3 एकरचा शेतकरी आहेस. हे ऐकून तुला न पटलेल्या पाच गोष्टी विचार." "बीटी बियाणं घेतलं, मग अळी येतेच कशी?" हा प्रश्न येणारच. गुलाबी बोंडअळीने बीटीच्या (बोंडअळी मारायला बियाण्यात घातलेल्या) दोन्ही जनुकांना दाद देणं सोडलंय, हे उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा.

निंबोळी5टक्के
शेवटच्या मुद्द्याशी अर्धाच सहमत. एआयचा शेतकरी फार शहाण्यासारखा बोलतो, सभेतला तसा बोलत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे गेल्या हंगामातले प्रश्न नावं-नंबर काढून त्याला द्या आणि गट पाडायला सांगा. ते जास्त कामाचं.

आणि आकडे त्याच्या आठवणीतून कधीही घेऊ नका. हेक्टर-एकरचा घोळ हमखास होतो: निरीक्षणासाठी सापळे हेक्टरी 5, म्हणजे एकरी 2; तो बिनदिक्कत "एकरी 5" लिहून मोकळा होतो. सलग तीन रात्री सापळ्यात रोज 8 पतंग, किंवा 20 हिरव्या बोंडांत 2 किडकी, ही नुकसानीची पातळी (जिथे फवारणीचा निर्णय घ्यायचा) जशीच्या तशी आली का ते पाहा. औषधाच्या मात्रेसाठी कृषी विद्यापीठाची घडीपत्रिका जोडा आणि बजावा: "यात नसेल तर 'माहिती नाही' लिही." 10 लिटरची मात्रा 15 लिटरच्या पंपाला तशीच चिकटवलेली नाही ना, हे स्वतः तपासा. यवतमाळात 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. या बाबतीत "एआयने सांगितलं" चालणार नाही.

अक्षरजुळणी
घडीपत्रिका जोडण्याआधी एक बघा. जुन्या पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या असतात. त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला, तर एआयलाही तोच चिवडा दिसू शकतो आणि उरलेलं तो मनाने भरतो. पानांचे फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर मिळतो, पण आकडे मूळ पानाशी ताडून घ्या, देवनागरी १ आणि ९ ची अदलाबदल होते.

अळीचं चित्र एआयकडून काढून घेऊ नका. दिसायला झकास, पण अळी भलतीच असते आणि चित्रातली देवनागरी तुटते. शेतातला फोटो वापरा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवणार असाल तर पीडीएफ करून न्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतील.

पऱ्हाटीवाला
भारी. स्लाइड 6 वर आल्या. वेळेचं काय? "20 मिनिटांचं भाषण" मागितलं तर वाचून 7 मिनिटांत संपतंय. आणि तो म्हणतो, सभेत हिरवी बोंडं फोडून दाखवा.

बांधावरून
मिनिटं सांगू नका, शब्द सांगा. थांबत बोललं तर मिनिटाला 110 धरा. 12 मिनिटांना 1300 शब्द. एका दमात मागू नका, तीन भागांत घ्या, नाहीतर शेवट गुंडाळतो. मग मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

बोंडांचं म्हणाल, तर जुलैत बोंडं आणणार कुठून? पेरणीची तारीख दिली नाही की असंच होतं. 20 पैकी उरलेली 8 मिनिटं सापळ्याला द्या. एक सापळा सभेतच जोडा, ल्यूर (पतंगांना ओढणारी गंधाची गोळी) कशी बसवायची ते दाखवा, आणि काठी पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर राहील इतकी घ्या. पऱ्हाटी वाढेल तसा सापळा वर सरकवावा लागतो, हे मात्र बोलून सांगा.