शार्ल बोदुआँ: मनोविश्लेषक आणि युद्धविरोधी, याच्याबद्दल कोणी सांगेल का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात गावाकडचं घर आवरत होतो तेव्हा आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत तळाशी एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं, 'सजेशन अँड ऑटोसजेशन'. लेखकाचं नाव मी आपलं चार्ल्स बॉडोइन असं वाचलं, नंतर कळलं की माणूस फ्रेंच आहे आणि उच्चार शार्ल बोदुआँ असा आहे. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, हे पुस्तक त्यांच्याकडे कुठून आलं ते घरात कोणालाच माहीत नाही. पण वाचलंय त्यांनी नक्की, कारण समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि एका पानावर तर मराठीत 'झोप!' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. आजी सांगायची की ते रात्ररात्र जागे असायचे, ओसरीवर येरझाऱ्या घालायचे. ते पान 'उलट्या प्रयत्नाच्या नियमाचं' आहे, म्हणजे झोप यावी म्हणून जितका आटापिटा कराल तितकी ती लांब जाते.

मी सायकॉलॉजीत एमए करतेय, दुसरं वर्ष. आमच्याकडे फ्रॉइड, युंग, ॲडलर झाले की थेट पुढचा चॅप्टर, याचं नाव एकदाही आलं नाही. नेटवर शोधलं तर एका ठिकाणी मनोविश्लेषक, दुसरीकडे कवी, तिसरीकडे शांततावादी, सगळं तुकड्यातुकड्यात. तर हा फ्रॉइडचा शिष्य होता का, युद्धाला विरोध म्हणजे नेमकं काय केलं त्याने, आणि तो नियम आज कोणी मानतं का? कोणी वाचलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, घाई नाही.

वाचनवेडा:
रानजाई, आजोबांच्या खुणा खोडू नका आणि पुस्तक दमट जागी ठेवू नका हे आधी सांगतो :)

बोदुआँ १८९३ चा, जन्म नान्सीचा. हे गाव लक्षात ठेवा कारण बाकीचं बरंच त्यातून उलगडतं. १८७१ मध्ये फ्रान्स हरला आणि अल्सास आणि लोरेनचा एक भाग जर्मनीकडे गेला तेव्हा नान्सी फ्रान्सकडेच राहिलं पण एकदम सीमेवरचं शहर झालं, तिकडून घरदार सोडून आलेली माणसं या शहरात येऊन राहिली. म्हणजे जर्मनांबद्दलचा राग तिथल्या हवेतच होता, आणि त्या हवेत हा पोरगा वाढला. दुसरं म्हणजे नान्सी हे संमोहनाचं मोठं केंद्र. लिएबो आणि बर्नहाइम हे डॉक्टर तिथलेच, फ्रॉइडसुद्धा १८८९ मध्ये बर्नहाइमकडे जाऊन आला होता. नंतर तिथेच एमिल कुए नावाचा फार्मासिस्ट आपल्या घरी लोकांना फुकट बसवून स्वयंसूचना शिकवायला लागला. 'दिवसेंदिवस सर्व बाजूंनी मी अधिकाधिक बरा होतोय' हे वाक्य त्याचं. वीस गाठी मारलेली दोरी हातात घ्यायची, सकाळ-रात्र अंथरुणात एकेक गाठ सरकवत पुटपुटायचं, थेट आपली जपमाळच! बोदुआँ कुएकडे शिकला आणि त्या सगळ्या अनुभवांना नीट सिद्धांताचं रूप दिलं. तुमच्या ट्रंकेतलं पुस्तक तेच, इंग्रजीत १९२० मध्ये आलं.

त्याआधी सोरबॉनला फिलॉसॉफी केली आणि १९१५ मध्ये जिनिव्हाला आला, क्लापारेद आणि बोव्हे यांच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये. बालमानसशास्त्र आणि शिक्षण यांची ती संस्था, मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारा पियाजे पुढे तिथेच आला, मनोविश्लेषक साबिना श्पिलराइनही काही वर्षं तिथे होती. फ्रेंच भाषेत मनोविश्लेषण तेव्हा जेमतेम पोचत होतं, फ्रॉइडची पाच व्याख्यानं फ्रेंचमध्ये छापली गेली तीसुद्धा १९२० च्या शेवटी जिनिव्हाच्या एका मासिकात. त्यामुळे बोदुआँ अगदी पहिल्या फळीतला.

शिष्य म्हणाल तर कोणा एकाचा नाही. त्याचं स्वतःचं विश्लेषण आधी युंगच्या वाटेने जाणाऱ्या डॉक्टरकडे झालं, नंतर शार्ल ओदिए या फ्रॉइडवाल्याकडे. दोन्ही घरचं जेवलेला माणूस, आणि त्याने शेवटपर्यंत दोघांनाही सोडलं नाही. १९२४ मध्ये जिनिव्हात स्वतःची संस्था काढली, ती आजही त्याच्या नावाने चालते. पॅरिसची मनोविश्लेषण सोसायटी १९२६ ला निघाली आणि फ्रेंच मनोविश्लेषणाचा इतिहास लिहिणारे सहसा तिथूनच सुरुवात करतात, मग जिनिव्हातला हा माणूस बाजूला पडतो. मला हे मनापासून खटकतं. १९६३ मध्ये जिनिव्हाजवळच वारला.

लहान मुलांवरचं त्याचं पुस्तक १९३१ चं आहे, त्यात भावंडांमधल्या मत्सराला तो 'केन गंड' म्हणतो, बायबलमधल्या केनने भावाला मारलं त्यावरून. घरात दुसरं बाळ आलं की थोरलं परत अंथरूण ओलं करायला लागतं, आपल्याकडे प्रत्येक आजीने पाहिलेलं आहे हे.

तळ्यातमळ्यात:
मी काउन्सेलर आहे, बारा वर्षं झाली, त्यामुळे फक्त नियमाबद्दल लिहिते. बाकीचं वाचनवेडा यांनी छान सांगितलंय.

इच्छाशक्ती आणि कल्पना यांची टक्कर झाली की कल्पना जिंकते हे कुए म्हणायचा, बोदुआँने त्याला 'उलट्या प्रयत्नाचा नियम' म्हणून मांडलं की नुसती हार होत नाही, जितका जोर लावाल तितका उलट परिणाम जास्त. सायकल शिकणाऱ्याचं उदाहरण आहे ना त्यात, रस्त्यात दगड दिसतो, नको नको म्हणत हँडल घट्ट धरतो आणि बरोब्बर दगडावरच जातो. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालेल, तीच फळी उंचावर टाका, पाय लटपटतात, फळी तेवढीच रुंद आहे तरी!

आज हे नाव कोणी घेत नाही पण गोष्ट जिवंत आहे. व्हिक्टर फ्रांकल या मानसोपचारतज्ज्ञाने हाच धागा वेगळ्या अंगाने वापरला, झोप येत नाही त्याला सांगायचं की आज जागंच राहायचं बघा, आणि निद्रानाशाच्या उपचारात ही पद्धत अजून वापरतात. वेग्नरचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग तुम्हाला सिलॅबसला असेलच, अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच डोक्यात. माझ्याकडे एक मुलगा यायचा, तोंडी परीक्षेत आवाज थरथरायचा, घरचे सगळे सांगायचे 'घाबरू नकोस, घाबरू नकोस', आणि तो ते मनात घोकत घोकत आत जायचा. आम्ही फक्त एवढं केलं की थरथरू दे म्हणायचं. तिसऱ्या वेळेला त्याने स्वतःहून येऊन सांगितलं की मॅडम मी विसरलोच थरथरायला.

मात्र नुसत्या कुएच्या वाक्याने आजार बरे होतात असं कृपा करून कोणी समजू नका, औषध औषधाच्या जागी. मला बोदुआँ कुएपेक्षा मोठा वाटतो तो इथे, की तो ताण सोडून एकाग्र होण्यावर भर देतो. त्याला तो 'काँताँस्यों' म्हणतो, लक्ष आहे पण त्यामागे ओढाताण नाही, झोपेच्या अलीकडची ती पातळ अवस्था. मला वाचताना योगातली धारणा आठवली. आणि नंतर त्याने हेही मान्य केलं की सूचना देऊन भागत नाही, आत काय दडपलंय ते आधी बघावं लागतं, म्हणून सूचना आणि विश्लेषण दोन्ही हातात घेतलं.

लेमानकाठ:
गेली नऊ वर्षं जिनिव्हात आहे, म्हणून युद्धाचा भाग मी घेतो.

इथे प्लास न्योव्ह चौकात म्युझे रात म्हणून खांबांची एक छोटी इमारत आहे. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसची युद्धकैद्यांची एजन्सी तिथे होती. बेपत्ता मुलाची चौकशी करणारी पत्रं गोण्या भरून यायची आणि स्वयंसेवक एकेक नाव कार्डावर उतरवून घ्यायचे, अशी लाखो कार्डं झाली, त्यातली शहरातल्या रेडक्रॉसच्या म्युझियममध्ये बघायला मिळतात. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ तिथे ऑक्टोबर १९१४ पासून जवळजवळ नऊ महिने ही कामं करत होता. हाच तो रोलाँ, ज्याने पुढे १९२४ मध्ये गांधीजींवर पुस्तक लिहिलं आणि ज्याच्याकडे गोलमेज परिषदेनंतर डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्हला राहायला गेले होते.

सप्टेंबर १९१४ मध्ये रोलाँने 'रणधुमाळीच्या वर' हा लेख जिनिव्हाच्या पेपरात लिहिला, दोन्ही बाजूंच्या विचारवंतांना सांगितलं की द्वेषाला खतपाणी घालू नका. फ्रान्समध्ये त्याला देशद्रोही ठरवलं. बोदुआँ जिनिव्हात आल्यावर त्याच्याशी जोडला गेला आणि १९१६ मध्ये 'ल कार्मेल' नावाचं मासिक काढलं, १९१८ पर्यंत चाललं. आता बघा, फ्रेंच माणूस मासिक काढतो आणि त्यात त्याच वर्षी श्टेफान झ्वाइगचा बाबेलच्या मनोऱ्यावरचा लेख येतो. झ्वाइग ऑस्ट्रियाचा, म्हणजे शत्रुपक्षाचा! सगळ्या माणसांनी मिळून बांधायला घेतलेला मनोरा भाषा फुटल्या म्हणून अर्धवट राहिला, तो पुन्हा बांधायचाय असं सांगणारा लेख, आणि तो व्हर्दूनची लढाई चालू असताना. त्याच मंडळींत स्विस कवी श्पिटलर, ज्याने १९१४ मध्ये तटस्थतेचं भाषण करून आपले जर्मन वाचक घालवले. बोदुआँने नंतर त्याचं काव्य फ्रेंचमध्ये आणलं. रोलाँची बदनामी चालू होती तेव्हा १९१८ मध्ये त्याच्या बाजूने छोटं पुस्तकही लिहिलं.

काळाचहा:
माहिती छान आहे पण मला एक टोचतं. स्वित्झर्लंडसारख्या तटस्थ देशात बसून शांततेचं मासिक काढणं आणि खंदकात चिखलात उभं राहणं यात फरक आहे की नाही? ज्याचं गाव जळतंय त्याने काय करायचं? मी हे चिडून विचारत नाहीये, माझे वडील सैन्यात होते, मला खरंच कळून घ्यायचंय.

लेमानकाठ:
काळाचहा, प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्या वडिलांना नमस्कार. पण बोदुआँचंच गाव जळत होतं हो. सप्टेंबर १९१४ मध्ये नान्सीवर तोफगोळे पडले आणि १९१६ च्या सुरुवातीपासून लांब पल्ल्याच्या तोफेचा मारा. म्हणजे ज्या वर्षी त्याने जर्मन भाषेतल्या लेखकांना आपल्या मासिकात जागा दिली त्याच वर्षी तो लहानपणी ज्या रस्त्यांवरून शाळेत गेला तिथे गोळे पडत होते. खंदकातला त्रास त्याने भोगला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासाठी शत्रू म्हणजे लांबची गोष्ट होती असंही नाही.

तळ्यातमळ्यात:
मला इथे त्याचं मानसशास्त्र आणि युद्धविरोध एकच वाटतो, हे माझं मत, त्याने असं कुठे लिहिलंय असा दावा नाही. द्वेष करू नका म्हणून दामटलं तर तो दबतो आणि दुप्पट होऊन वर येतो, जसं 'घाबरू नकोस'चं होतं तसं. म्हणून तो उपदेश करत बसत नाही, तिकडच्या कवीची कविता आणून ठेवतो समोर. कल्पनेतला शत्रू बदलला तर बदलेल, नुसत्या निश्चयाने नाही. काळाचहा, सैनिकाच्या कर्तव्याबद्दल यातून काही उत्तर मिळतं असं मी म्हणत नाही. पण लढाई नसते तेव्हा घराघरात जी शत्रूची चित्रं तयार होत राहतात, त्यांचं काय करायचं याबद्दल नक्की मिळतं.

काळाचहा:
हे पटतंय बऱ्यापैकी. वडील स्वतः कधीच समोरच्यांबद्दल वाईट बोलले नाहीत, बोलायचे ते आम्ही घरचे आणि शेजारचे. कधी आजारपणात विषय निघाला तर ते एवढंच सांगायचे की तिकडचीही पोरं थंडीत तशीच कुडकुडायची. 'ल कार्मेल'चे अंक वाचायला मिळतात का कुठे?

लेमानकाठ:
इथल्या लायब्रऱ्यांत चौकशी करून सांगतो, पुढच्या आठवड्यात जाणार आहेच. झ्वाइगचा तो लेख तर मूळ जर्मनमध्येही आहे आणि इंग्रजीतही.

वाचनवेडा:
रानजाई, पुढे वाचायचं असेल तर व्हिक्टर ह्यूगोच्या मनोविश्लेषणावरचं त्याचं १९४३ चं पुस्तक बघा, पण फ्रेंच यायला हवं. इंग्रजीत 'स्टडीज इन सायकोअनॅलिसिस' मिळेल, तुमच्या पुस्तकाचं भाषांतर करणाऱ्या जोडप्याचंच, त्यात जिनिव्हातल्या पेशंटांच्या केसेस आहेत, तुम्हाला अभ्यासालाही उपयोगी पडेल.

रानजाई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं होतं दोन ओळी मिळतील! डिझर्टेशनला हाच विषय घ्यावा का विचार चालू आहे, सरांशी बोलते सोमवारी.

तुमचे प्रतिसाद वाचून काल रात्री पुस्तक परत उघडलं आणि सायकलवाल्याचं पान शोधलं. तिथेही खूण आहे, मी आधी नीट बघितलीच नव्हती, पेन्सिल फिकट झालीये. आजोबांनी लिहिलंय 'गिरणीसमोरचा खांब'. बाबांना फोन करून विचारलं तर ते खूप हसले आणि मग गप्प झाले. म्हणाले, आमच्या तिघा भावांनाही त्याच रस्त्यावर शिकवली त्यांनी सायकल, आणि मागून पळताना कधी 'खांब सांभाळ' म्हणाले नाहीत, नेहमी 'पुढे देवळाच्या कळसाकडे बघ' असंच ओरडायचे.