अनुभव धागा : 'गिलिगन्स आयलंड'चा कृष्णधवल सीझन आणि आपण

गेल्या आठवड्यात बहिणीकडे 'गिलिगन्स आयलंड' या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा पहिला सीझन लावला आणि चार भाग झाले तरी कोणी उठेना. १९६४-६५चे हे ३६ भाग, सगळे कृष्णधवल. होनोलुलूहून तीन तासांच्या फेरीला निघालेली 'मिनो' बोट वादळात सापडते आणि सात माणसं निर्जन बेटावर अडकतात, एवढीच गोष्ट. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांच्या घरोघरी ही मालिका लागत असे, म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

१९७९ साली आम्ही न्यू जर्सीला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई-बाबा दोघं कामावर. शाळेतून यायचं, गळ्यातल्या किल्लीने दार उघडायचं, आतून कडी लावायची आणि आई येईपर्यंत टीव्ही. तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवत. निम्मे संवाद कळत नसत, पण स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, चिडला की डोक्यावरची टोपी काढून त्याच्या धांदरट मदतनिसाला, गिलिगनला, मारतो, हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं. मला खरी ओढ होती ती माणसांची. आम्ही गिरगावातल्या चाळीतून आलो होतो. तिथे दिवसभर कोणी ना कोणी दारात असे. इथे शेजारच्यांचं नावही माहीत नव्हतं. बेटावर मात्र लक्षाधीश हॉवेल, त्यांची बायको, सिनेनटी जिंजर, प्रोफेसर, सगळे एकमेकांच्या झोपडीत विचारल्याशिवाय शिरत. भांडत, आणि संध्याकाळी एकाच टेबलाभोवती जेवत. चाळीत कसं, पटो न पटो, नळ एकच! त्या अर्ध्या तासात मी एकटी नसे. तुम्हीही लिहा.

शिकागो
आमच्याकडे कोणीतरी दिलेला जुना कृष्णधवल टीव्ही होता, त्यामुळे तिन्ही सीझन आम्हाला एकाच रंगाचे. पुढे मित्राकडे रंगीत संचावर पाहिलं तेव्हा कळलं की गिलिगनचा सदरा लाल आणि स्किपरचा निळा. घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, मला हिरवा वाटला होता.

ह्यूस्टन
माझे वडील केमिस्ट, आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. साहजिकच त्यांचा माणूस प्रोफेसर. पहिल्या सीझनच्या शीर्षकगीतात पाच जणांचा उल्लेख होतो आणि प्रोफेसर व बेटावरची सातवी, मेरी ॲन, यांना 'आणि बाकीचे' म्हणून गुंडाळतात. ते कडवं आलं की बाबा दर वेळी म्हणायचे, "काम सगळं तो करणार, आणि नाव घ्यायला यांना जड जातं." कंपनीत त्यांच्या बाबतीत तेच चाललं होतं, हे मला फार उशिरा समजलं. दुसऱ्या सीझनपासून गाण्यात दोघांची नावं आली. गिलिगनचं काम करणाऱ्या बॉब डेन्व्हरने त्यासाठी आग्रह धरला होता, असं सांगतात. तो भाग पहिल्यांदा लागला तेव्हा बाबांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. प्रोफेसर झालेले रसेल जॉन्सन दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानावर होते आणि फिलिपिन्समध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं होतं, हेही बाबांनीच सांगितलं.

टोरांटो
एक वेगळा सूर लावते. याच सीझनमध्ये, १९६५च्या जानेवारीत, एक भाग आला : युद्ध संपल्याचं माहीतच नसलेला जपानी सैनिक बेटावर येतो. कल्पना विलक्षण आहे. युद्ध चालूच आहे असं समजून लपून राहिलेले खरे जपानी सैनिक हिरू ओनोडा फिलिपिन्सच्या जंगलातून बाहेर आले ते १९७४ साली, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी! पण भूमिका व्हिटो स्कॉटी या इटालियन वंशाच्या नटाला दिली आणि जाड चष्मा, मोडकं इंग्रजी यांवर हशा घेतला. वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची त्याच दिवसांत मी तो भाग पाहिला. सगळे हसत होते, मी उठून पाणी प्यायला गेले. मालिका मला आजही प्रिय आहे. तो भाग मी मुलांना दाखवलेला नाही.

सॅन होजे
लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही हवाईत कवाईला गेलो आणि मी हट्टाने मोलोआचा किनारा गाठला. पायलट भागाचं, म्हणजे मालिका सुरू होण्याआधी केलेल्या नमुना भागाचं, चित्रण तिथलं. मालिकेतलं नेहमीचं तळं मात्र लॉस एंजेलिसला स्टुडिओच्या आवारात बांधलेलं होतं. पायलटचं चित्रण चालू असतानाच, २२ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींची हत्या झाली. पहिल्या सीझनच्या शीर्षकदृश्यात बोट बंदरातून निघते तेव्हा मागचा झेंडा अर्ध्यावर दिसतो. इतकी वर्षं पाहिलं आणि लक्षात आलं नव्हतं. आता घरी पाहताना तेवढ्यापुरती मी बोलायची थांबते.

पुणे
मुलाकडे बोस्टनला गेले होते, २००४च्या हिवाळ्यात. बाहेर गुडघाभर बर्फ, मुलगा-सून कामावर, नात सहा महिन्यांची. सुनेने या सीझनच्या डीव्हीडी आणल्या होत्या. ती म्हणाली, आई, यात कळायला अवघड काही नाही. खरंच नव्हतं. एका भागात गिलिगन झाडाच्या चिकापासून पाक करतो, तो इतका चिकट निघतो की प्रोफेसर म्हणतो, याने बोट जोडू. सगळे जिवापाड राबतात, बोट उभी राहते, आणि चिकाचा जोर संपल्यावर फळी फळी सुटून खाली येते. मी हसता हसता थांबले. सहा महिन्यांचा व्हिसा होता, अजून चार उरले होते. मग सुनेला म्हटलं, हा स्किपर त्या पोराला एवढा ओरडतो, पण तो जरा दिसेनासा झाला की आधी हाच शोधायला निघतो बघ. ती म्हणाली, तुमचं आणि बाबांचं असंच आहे. संध्याकाळी मी फोन लावला. हे विचारत होते, जेवलीस का, आणि घरातल्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीयस.

एडिसन
आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना बाबा अजून विचारतात, "तीन तासांचंच ना?" नातवंडांना गाणं पाठ आहे, ती मागच्या सीटवरून सुरू करतात.