घुमट-मिनार नसलेली मशीद

एकांनी लिहिलंय की धर्मावरूनच इमारतीचा आकार ठरतो, मशीद म्हटली की घुमट-मिनार आलेच. अर्धंच पटलं. केरळात कोझिकोडच्या कुट्टिचिरा भागातली मिश्काल मशीद बघा. घुमट नाही, जुन्या पद्धतीचे मिनारही नाहीत. उतरत्या छपरांचे मजले एकावर एक चढवलेले, भरपूर लाकूडकाम, जवळच मोठं तळं. नवख्याला लांबून देऊळच वाटावं! नाखुदा मिश्काल या अरब व्यापाऱ्यानं ती बांधली. १५१० साली पोर्तुगीजांनी हल्ला करून ती जाळली, नंतर ती पुन्हा उभी राहिली.

तिकडच्या धो धो पावसात उतरतं छप्परच टिकतं, आणि हाताशी सुतार होते तेही देवळं-वाडे बांधणाऱ्या परंपरेतलेच. मग धर्म दिसतो कुठे? आत गेल्यावर. गाभारा नाही, मूर्ती नाही. रांगांनी उभं राहता येईल असं मोकळं दालन आणि मक्केच्या दिशेच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा).

गोव्यात उलट गंमत. कवळ्याची शांतादुर्गा किंवा मंगेशी बघितलंत तर शिखराच्या जागी घुमट, कमानीच्या खिडक्या, आत झुंबरं. पोर्तुगीज चर्चची छाप उघड दिसते, पण अंगणात दीपस्तंभ आणि तुळशीवृंदावन आहेच. ज्यांच्या राजवटीत मूळ देवळं पाडली गेली, त्यांच्याच वळणाचं बांधकाम नव्या देवळांत आलं, याचं मला आजही नवल वाटतं.