घरी लग्नपत्रिका छापतोय, शाई फिसकटतेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तिच्या पत्रिका आम्ही घरीच छापायच्या ठरवल्यात. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून किट आणलंय. त्यात ५ × ७ इंची चमकदार कार्डं, पाकिटं आणि कॉम्प्युटरवर भरायचे नमुने आहेत. प्रिंटर साधा इंकजेट.

नमुन्यातल्या फॉन्टमध्ये मराठी टाकलं की 'श्री'सुद्धा तुटून दिसतं. त्यामुळे मी 'तिरो देवनागरी मराठी' हा युनिकोड फॉन्ट घेतला. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. 'चि. सौ. कां.' फार देखणं दिसतंय, त्यामुळे हा फॉन्ट बदलणार नाही.

खरी अडचण शाईची. या चमकदार कागदात ती मुरतच नाही, बराच वेळ ठेवूनही बोट लागलं की पसरते. साध्या मॅट कार्डावर छान बसते, पण कोपऱ्यांना ओलं हळद-कुंकू लावलं की शेजारची अक्षरं फुटतात. पहिली पत्रिका अंबाबाईला ठेवायची आहे, ती तरी स्वच्छच हवी!

कुणी पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) वापरली आहे का? पाण्याला ती टिकते असं वाचलंय, पण अशा चमकदार कागदावर धरते का? की मजकूर लेझर प्रिंटरवरच काढून घ्यावा? कोल्हापुरात आपण नेलेल्या २५० जीएसएमच्या (म्हणजे जाडसर) कार्डांवर, थोड्या प्रतीसुद्धा छापून देणारं कुणी असेल तर कुठल्या भागात आहे तेवढं सांगा. आई म्हणते सरळ छापखान्यात टाका, पण बहिणीला घरच्याच हव्यात.